ओढ्यात मासा सोडण्याआधी डोह राखा, वाट मोकळी करा

पाटण तालुक्यातल्या केरा खोऱ्यातून एका तरुण मंडळाने प्रश्न विचारला आहे. त्यांच्या वाडीखालच्या ओढ्याला आजोबांच्या काळी बारा महिने मासा असायचा आणि मृगाच्या पावसात खालून खडशी, म्हणजे आपली महाशीर, चढायची. आता उन्हाळ्यात चार डबकी उरतात आणि त्यांत चिलापी हा बाहेरून आलेला मासा दिसतो. अमेरिकेत डोंगरातल्या ओढ्यांमध्ये मूळचा ट्राउट कसा परत आणला याचा एक व्हिडिओ त्यांनी पाहिला आणि गणपतीच्या वर्गणीतून काही रक्कम बाजूला काढून ठेवली. ट्राउट सोडायचा, महाशीरचं बीज, म्हणजे पिल्लं, सोडायचं, की आणखी काही करायचं, असं ते विचारतात.

ट्राउट अजिबात सोडू नका. महाशीरही आत्ता नको. जमवलेले पैसे आधी ओढ्यावर खर्च करा. सह्याद्रीच्या ओढ्यात मासा किती राहणार हे दोन गोष्टींवर ठरतं: चैत्र-वैशाखात डोहात किती पाणी उरतं, आणि जूनमध्ये खालून वर यायला वाट मोकळी आहे का. या दोन गोष्टी जमल्या तर बहुतेक मासा आपला आपण येतो. त्या जमल्या नाहीत तर लाखभर पिल्लं सोडली तरी पुढच्या मे महिन्यात ओढा पुन्हा रिकामाच दिसेल.

ट्राउटबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ही कल्पना बऱ्याच जणांच्या डोक्यात असते. ट्राउट थंड पाण्याचा मासा. पाणी वीस अंशांच्या आसपास गेलं की ब्राउन ट्राउटचं खाणं मंदावतं. रेनबो थोडं जास्त सोसतो, पण पंचवीसच्या घरात त्याचाही जीव धोक्यात येतो. एप्रिलमध्ये दुपारी तुमच्या ओढ्याच्या उघड्या डबक्यात थर्मामीटर बुडवून बघा, दुसरा पुरावा लागणार नाही. भारतात कुठेच ट्राउट मूळचा नाही. काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास ब्रिटिशांनी ब्राउन ट्राउटची अंडी स्कॉटलंडहून आणली. निलगिरीत रेनबो विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुजवला. दोन्हीकडे तो गळ टाकणाऱ्या साहेबांच्या हौसेसाठी आला. हिमालयातल्या ज्या माशाला स्नो ट्राउट म्हणतात, तो खरं तर रोहू-कटल्याच्या कुळातला आहे.

तुम्ही पाहिलेलं काम मात्र खरं आहे आणि त्यातून शिकण्यासारखं खूप आहे. तिथे मूळ मासा परत आणणं म्हणजे बऱ्याचदा बाहेरून सोडलेला मासा काढणं असतं. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगरांत ब्रुक ट्राउट मूळचा. पश्चिम किनाऱ्याकडचा रेनबो तिथे माणसांनी हौसेने नेऊन सोडला आणि त्याने ब्रुकला वरच्या अरुंद ओढ्यांत कोंडलं. ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात काही ओढ्यांमधून तो रेनबो काढून ब्रुक पुन्हा वसवावा लागला.

त्याहून मोठा धडा कोलोरॅडोचा. तिथला ग्रीनबॅक कटथ्रोट ट्राउट १९३७ साली संपला असं मानलं गेलं होतं. पुढे काही ओढ्यांत तो सापडला, लोकांना आनंद झाला, त्याची पैदास करून कितीतरी ठिकाणी तो सोडला. २०१२ साली संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांशी जनुकं ताडून पाहिली, तेव्हा कळलं की इतकी वर्षं बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच वंशाचा मासा वाढवला जात होता. खरा ग्रीनबॅक फक्त बेअर क्रीक नावाच्या एका लहानशा ओढ्यात उरला होता. सगळी मंडळी जाणकार होती, हेतू चांगला होता, तरीही हे झालं.

हे आपल्यालाही लागू पडतं, आणि त्याचं उदाहरण आपल्याच खडशीचं आहे. दख्खनची महाशीर, म्हणजे शास्त्रज्ञांची टॉर खुद्री, सायक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ साली पुण्याच्या मुळा-मुठेतून वर्णन केली. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून तिची पैदास होते आणि त्या कामाने ही जात तगायला मोठी मदत केली, यात शंका नाही. पण तिथलं बीज कावेरीतही सोडलं गेलं. कावेरीची स्वतःची पाठीवर उंचवटा असलेली महाशीर आहे. आपली खडशी तिथे इतकी पसरली की कावेरीची मूळ महाशीर मागे हटली, आणि २०१८ साली तिची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. एका खोऱ्यात जपण्यासारखा असलेला मासा दुसऱ्या खोऱ्यात उपद्रवी ठरला. म्हणून कोणी स्वस्तात पिशव्या भरून बीज आणून देतो म्हणाला, तर ते कुठल्या नदीच्या नर-मादीचं आहे हे विचारा. उत्तर येत नसेल तर घेऊ नका.

आता तुमच्या ओढ्यात मुळात कोण राहतं ते पाहू. सगळ्यांच्या तोंडी खडशी असते, कारण ती मोठी, देखणी, पितळी खवल्यांची आणि कढईत उठून दिसणारी. पण मोठी खडशी खोल डोहांची आणि मोठ्या नदीची. तुमच्यासारख्या ओढ्यात ती पावसाळ्यापुरती पाहुणी येते, अंडी घालते, पाणी उतरायच्या आत परत जाते. ओढ्याचे खरे रहिवासी बोटभर लांबीचे असतात: खालच्या ओठाने खडकाला चिकटून शेवाळ खरवडणारा मळ्या, वाळूत लपणारे पट्ट्यापट्ट्यांचे लोच, धारेत खडकाला पोट चिकटवून बसणारा चपटा बालिटोरा. नेल्सन अॅनंडेल हे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे पहिले संचालक. त्यांनी १९१९ साली मुख्यतः सातारा आणि पुणे जिल्ह्यांतल्या गोड्या पाण्याच्या माशांवर टिपण लिहिलं, ते याच लहान माशांनी भरलेलं आहे. बालिटोराची एक नवी जात कृष्णेच्या खोऱ्यातून अगदी अलीकडे, २०१२ साली, नोंदली गेली. म्हणजे आपल्या ओढ्यांत काय आहे हे अजून पुरतं मोजलेलंही नाही. आणि या लहान माशांचं बीज कुठल्याही केंद्रात मिळत नाही. एकदा एखाद्या खोऱ्यातून ते गेले की विकत आणायची सोयच नाही.

म्हणून पहिलं काम नोंदीचं. दिवाळीनंतर पाणी नितळ झालं की मंडळातली चार मुलं आणि गावातला एखादा जुना मासे धरणारा माणूस सोबत घ्या. उगमापासून केऱ्याला मिळेपर्यंत ओढा चालत जा. प्रत्येक डोहाचं गावातलं नाव, खोली, काठावरची झाडं, पंप आहे का, बांध आहे का, हे वहीत लिहा. लहान जाळीने मासा धरा, पांढऱ्या ताटात थोडं पाणी घेऊन त्यात ठेवा, बाजूने आणि तोंडाच्या खालून फोटो काढा आणि तिथेच परत सोडा. बालिटोरा किंवा मळ्या ओळखायला तोंडाची खालची बाजूच लागते, नुसत्या पाठीच्या फोटोवरून कोणालाच सांगता येत नाही. दगड उलटून खालचे किडेही पाहा. बारीक खड्यांची नळी करून राहणारी अळी, शेपटीला दोन-तीन केस असलेली चपटी अळी दिसली तर पाणी अजून चांगलं आहे. दगडाखाली नुसते लाल गांडुळासारखे किडे असतील तर वरून कुठून तरी सांडपाणी येतंय. हे सगळं ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत चढवून घ्या. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत ही समिती असायला हवी. बहुतेक गावांत ती कागदावर असते, पण तिच्या ठरावाला वजन आहे आणि पुढे बांधकाम किंवा वनखात्याशी बोलताना तेच कामाला येतं.

दुसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं काम डोहांचं. यावर मी जरा रेंगाळणार आहे.

आपला डोंगर पावसाळ्यात न्हाऊन निघतो, पण ओढ्याचं बारमाही पाणी येतं ते सड्यावरच्या जांभ्यात आणि खालच्या काळ्या खडकाच्या भेगांत मुरलेल्या पाण्यातून. डिसेंबरपर्यंत धार असते, मग ती तुटते आणि डोह सुटे होतात. फेब्रुवारी ते मे पूर्ण ओढ्यातली मासळी त्या पाच-सात डोहांत दाटीवाटीने राहते. त्यातला एक डोह आटला म्हणजे एक डोह गेला इतकंच नसतं. वर्षभराची पैदास करणारे नर-मादी गेले. नेमक्या याच महिन्यांत डोहावर पंप बसतात. जावळी, वाई, महाबळेश्वरकडे स्ट्रॉबेरीला नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत पाणी लागतं, तुमच्याकडे भाजीपाला आणि ऊस असेल. शेतकऱ्याला पंप काढ म्हणून चालणार नाही, आणि तसं म्हणूही नये. पण ग्रामसभेत एवढं ठरवता येतं: दोन-तीन खोल डोह निवडायचे, त्यांच्या खडकावर तेलरंगाने खूण करायची आणि पाणी खुणेला आलं की त्या डोहावरचा पंप बंद. खूण माणसाच्या कमरेइतकं पाणी राहील अशी असावी. बाकीच्या डोहांवर पंप चालू राहू देत, पण फूटव्हॉल्व्हला बारीक जाळी गुंडाळायची, म्हणजे पिल्लं ओढली जात नाहीत. ही जाळी शे-दोनशे रुपयांत होते आणि तिचा फायदा ताबडतोब दिसतो.

औषध फवारायचा पाठीवरचा पंप ओढ्यात धुणं मात्र पूर्ण बंद झालं पाहिजे. सायपरमेथ्रिनसारखी औषधं माशाला आणि पाण्यातल्या किड्यांना अत्यल्प प्रमाणातही मारतात. उन्हाळ्यात लहानशा डोहात एक पंप विसळला तरी डोह साफ होऊ शकतो. पंप बांधावर धुवा, ते पाणी मातीत जिरू द्या.

डोहावर सावली हवी. पाण्याचं तापमान दोन-तीन अंशांनी कमी राहिलं तरी उन्हाळ्यात प्राणवायू टिकतो, आणि काठावरच्या झाडांतून पडणारे किडे व फळं हेच माशाचं अन्न. उंबर, जांभूळ, करंज, पाणजांभूळ लावा. काठाच्या दगडांत वाळुंज लावा, कृष्णेच्या वरच्या अंगाला ती आपलीच आहे. शेरणीची झुडपं पाण्याच्या धारेत दगड धरून ठेवतात. कुठे उरली असतील तर ती तोडू देऊ नका. निलगिरी, सुबाभूळ नको. खड्डे काठापासून वर घ्या, पहिल्याच पुरात वाहून जातील अशा जागी नको. ट्राउटच्या ओढ्यांत मोठे ओंडके आडवे टाकून मासळीला आडोसा करतात, ते व्हिडिओत पाहिलं असेल. इथे तसं करू नका. आपल्या ओढ्याला जुलैत एका रात्रीत जो लोंढा येतो, त्यात ओंडके खालच्या मोरीत अडकतात आणि रस्ता फुटतो. आपल्याकडे आडोशाचं काम मोठे धोंडे करतात. म्हणून ओढ्यातले धोंडे बांधकामाला उचलू न देणं हेच मोठं काम.

आणि पोकलेन! ओढ्याचं खोलीकरण म्हणून जे केलं जातं, त्यावर मला ठाम बोलायचं आहे. माण-खटावसारख्या कमी पावसाच्या भागात गाळ काढण्याचा, नाला खोल करण्याचा हिशेब वेगळा आहे. डोंगरातल्या बारमाही ओढ्यात पोकलेन उतरवला की धोंडे, खडी, डोह, उथळ धार हे सगळं सपाट होऊन एक सरळ चर उरतो. खडशीची अंडी खडीत पडून दोन-चार दिवसांत फुटतात, आणि नंतरही पिल्लं काही दिवस त्या खडीच्या फटींत निपचित पडून असतात. खडीच नसेल किंवा ती गाळाने बुजली असेल तर त्यांनी जायचं कुठे? पाणी साठवायचंच असेल तर दिवाळीनंतर वनराई बंधारे घाला. पोती ओढ्यातल्या वाळूने भरू नका, शेताकडेच्या मातीने भरा, आणि मेअखेर प्रत्येक पोतं बाहेर काढा. प्लॅस्टिकची फाटकी पोती खडीत गाडली जातात ती निघत नाहीत.

तिसरं काम वाटेचं. चढणीचे मासे आपल्याला नवे नाहीत. पहिल्या मोठ्या पावसात पाणी गढूळ झालं की कृष्णा-कोयनेतला मासा लहान पाण्याकडे निघतो. तुमच्यापर्यंत येणारी खडशी कोयनेतून पाटणला केऱ्यात शिरते आणि तिथून तुमच्या ओढ्यात. या वाटेवर कुठे काय आडवं आहे ते एकदा पायी पाहून या. कोल्हापुरी बंधारा असेल तर त्याचे बरगे, म्हणजे गाळ्यांत बसवलेल्या फळ्या, जूनच्या आत काढले जातात का, हा एकच प्रश्न पाटबंधारेवाल्यांना आणि पाणीवापर संस्थेला विचारा. नियमाप्रमाणे ते निघायलाच हवेत, पण कंटाळ्याने काही गाळ्यांचे तसेच राहतात. दोन-तीन गाळे जरी तळापर्यंत मोकळे झाले तरी मासा जातो, आणि याला एक पैसा लागत नाही. ओढ्यातल्या सिमेंटच्या बांधांची गोष्ट अवघड. बांधाखाली पाण्याने खड्डा पडतो, बांध उंच दिसायला लागतो आणि मासा खालीच थडकत राहतो. मळ्या, बालिटोरा ओल्या खडबडीत भिंतीवरून चढतात. खडशीचं पिल्लू किंवा वडस मासा चढत नाही. तिथे बांधाखाली धोंडे रचून उतार करावा लागतो, साधारण वीस फुटांना एक फूट चढ, मध्ये मध्ये दम खायला खळगे. बांध सरकारी असेल तर लेखी परवानगी घ्या.

इथे ट्राउटवाल्यांपेक्षा आपला हिशेब उलटा पडतो आणि काही वेळा सुलटाही. ॲरिझोनात अपाचे ट्राउट वाचवताना त्यांनी ओढ्यांत मुद्दाम अडथळे बांधले, खालचा परका मासा वर येऊ नये म्हणून. २०२४ साली तो मासा संकटग्रस्त यादीतून बाहेर आला. आपला मासा वर-खाली ये-जा करणारा, त्याला अडथळा मारतो. पण तुमच्या ओढ्यात एखाद्या बांधाच्या किंवा धबधब्याच्या वर अजून चिलापी पोचली नसेल आणि खाली असेल, तर तो बांध तूर्त तसाच राहू द्या. आधी वरच्या भागातले लहान मासे वाचवा. कुठला बांध उघडायचा हे नोंदवहीतून ठरेल.

चिलापी पूर्ण निपटणं आता कोणाच्या हातात नाही. मात्र एप्रिल-मेमध्ये डोह लहान झाले की जाळ्याने ती धरून काढता येते, खायलाही चालते; आणि जिथे पाणी वाहतं, गार आणि सावलीतलं राहतं, तिथे तिचा जोर कमी असतो. आफ्रिकन मांगूर हा परका मासा धरला तर परत सोडू नका. त्याच्या पैदाशीवर देशात २००० सालापासून बंदी आहे. गप्पी आणि गॅम्बुसिया डासांसाठी टाकीत, हौदात ठीक. ओढ्यात ते बारीक पिल्लं खातात, तेव्हा आरोग्य मोहिमेतले कार्यकर्ते आले तर त्यांना हौद दाखवा, ओढा नको. घरातल्या काचपेटीतले मासेही कोणी ओढ्यात सोडू नयेत.

लोकांचं काय? ओढ्यावर ज्यांचं पोट आहे त्यांना बाजूला ठेवून हे काम टिकत नाही. गळ, लहान जाळं यांनी मासा संपत नाही. मासा संपतो तो ब्लीचिंग पावडरने, खांबावरून टाकलेल्या विजेच्या तारेने, सुरुंगाने, रामेठ्याचा किंवा गेळाचा ठेचा पाण्यात मिसळून. सुरुंग आणि विष यांना तर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. गावाने एवढंच ठरवावं: ही साधनं कोणीही वापरणार नाही, खूण केलेल्या राखीव डोहांत वर्षभर जाळं पडणार नाही, आणि आषाढ-श्रावणात अंडी भरलेली मादी सापडली तर सोडून द्यायची. महाडकडच्या वाळणकोंडीत वरदायिनीचे मासे लोकांनी पिढ्यानपिढ्या राखले. तुमच्या ओढ्यावर एखाद्या देवाचं ठाणं असेल, देवराईला लागून डोह असेल, तर तोच पहिला राखीव डोह करा. तिथे पहारा बसवावा लागत नाही. राखीव डोह कुठला असावा हे जुन्या मासेमारांना विचारून ठरवा. खोल कपार कुठे आहे हे त्यांना माहीत असतं, आणि ठरवण्यात त्यांचा हात असला की राखण्यातही असतो. तुमच्या ओढ्याचा वरचा भाग कोयना अभयारण्यात किंवा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येत असेल, तर तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही करू नका, नोंदसुद्धा.

आता बीजाबद्दल. दोन पावसाळे थांबा. ऑक्टोबरमध्ये काठाच्या उथळ, संथ पाण्यात पिल्लं शोधा. खडशीची किंवा तुमच्या जुन्या माशांची पिल्लं दिसली, तर बीज सोडायची गरजच नाही. त्यात आणखी सोडलेलं बीज त्यांच्या अन्नात वाटेकरी होईल. वाट मोकळी आहे, डोह टिकलेत, विष बंद आहे, खालच्या केऱ्यात खडशी आहे, आणि तरीही दोन वर्षांत एकही पिल्लू वर दिसलं नाही, तरच बीजाचा विचार करा. तेव्हाही जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला आणि जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला सोबत घ्या. कृष्णा खोऱ्यातल्याच नर-मादीचं बीज मागा. पिल्लं बोटाएवढी झालेली असावीत, आणि पूर ओसरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, पहाटे सोडावीत. पिशवी आधी अर्धा तास ओढ्याच्या पाण्यात तरंगत ठेवा, मग थोडं थोडं ओढ्याचं पाणी पिशवीत घ्या, आणि पिल्लं आपणहून बाहेर जातील असं तोंड उघडं ठेवा. सगळी एका डोहात ओतू नका. कुठल्या डोहात, कुठल्या तारखेला, किती सोडली आणि ती कुठून आणली, हे त्याच नोंदवहीत लिहा.